कार्ड डिसेंबरातही जुनेच होते

पत्राचा गोषवारा: यवतमाळ जिल्ह्यातील एका गावातून पंचविशीतल्या एका वाचकाने हे पत्र पाठवले आहे. घरची कोरडवाहू शेती वडील आणि मोठा भाऊ पाहतात. वाचक स्वतः गावात सेवा केंद्र चालवतो आणि केंद्राच्याच संगणकावर रात्री गेम खेळतो. संगणक २०२० मध्ये नागपूरहून असेंबल करून आणलेला आहे. त्यात रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी रॅमची एकच स्टिक, जीटीएक्स १६६० सुपर हे ६ जीबीचे ग्राफिक्स कार्ड आणि ४५० वॅटचा एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) आहे. मॉनिटर फुल एचडी, ७५ हर्ट्झचा. विंडोज लहान एसएसडीवर आहे आणि गेम जुन्या हार्ड डिस्कवर. अलीकडे गेम अडखळतात: पहिली दहा-पंधरा मिनिटे ठीक जातात, मग फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रे) कमी पडू लागतात आणि कधी संगणक एकदम बंदच होतो. "हिवाळ्यात एवढा त्रास नव्हता," असेही वाचकाने लिहिले आहे. पुण्यात नोकरीला गेलेले मित्र कार्ड बदलण्याचा आग्रह धरतात. दुकानदाराने आरटीएक्स ५०६० टीआयच्या १६ जीबी कार्डाला ४८ हजार आणि ८ जीबीच्या ५०६० ला ३१ हजार भाव सांगितला आहे. गाठीला केंद्राच्या कमाईतील ४० हजार आहेत, उरलेल्या रकमेचा हप्ता करता येईल. वडिलांचे म्हणणे एवढेच, की "चालू हाये तं बदलवतं कायले?" वाचकाने त्यांना व्हिडिओ एडिटिंगचे काम मिळेल असे सांगितले आहे, पण तसे काम अजून हाती नाही. जाता जाता पत्रात आणखी एक उल्लेख आहे: कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात.

उत्तर:

प्रिय वाचक,

तुमचे पत्र पहिल्यांदा वाचले तेव्हा ते ग्राफिक्स कार्डाविषयी आहे असे वाटले. दुसऱ्यांदा वाचताना मी एका वाक्यापाशी थांबलो, जे तुम्ही सहज लिहून पुढे गेला आहात. हिवाळ्यात एवढा त्रास नव्हता, असे तुम्ही म्हणता. तेच गेम, तीच सेटिंग, तोच मॉनिटर. कार्ड जुने झाल्यामुळे गेम अडखळत असतील, तर ते डिसेंबरातही जुनेच होते. मधल्या काळात बदलले ते तुमच्या खोलीचे तापमान, आणि ती खोली टिनाच्या छपराची आहे हेही तुम्हीच लिहिले आहे. म्हणून "कोणते कार्ड घेऊ" या प्रश्नाला मी थोडा वेळ बाजूला ठेवतो आणि तुमचा खेळ नेमका कुठे अडतो ते आधी पाहतो. ते कळल्याशिवाय ४८ हजारांचे कार्ड त्याच खोलीत, त्याच कॅबिनेटमध्ये बसवले, तर पुढच्या मे महिन्यात तुम्ही मला असेच पत्र लिहाल अशी मला भीती वाटते.

ग्राफिक्स कार्डाचा पंखा कूलरसारखा हवा थंड करत नाही. खोलीत जी हवा असेल तीच तो कार्डाच्या हीटसिंकवरून, म्हणजे उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या पात्यांवरून, फिरवतो. त्यामुळे खोली जितक्या अंशांनी तापते, साधारण तितक्याच अंशांनी कार्डही तापते. डिसेंबरातील रात्री खोलीत २० अंश असताना जे कार्ड ६५ अंशांवर स्थिर राहत होते, तेच मे महिन्यात खोली ४० वर गेली की ८५ च्या घरात पोचायला निघते. तुमच्या कार्डाची चिप बनवणाऱ्या एन्व्हिडियाची बहुतेक कार्डे ८३ अंशांच्या आसपास आली की स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग आपणच कमी करतात. पहिली दहा-पंधरा मिनिटे खेळ नीट चालणे आणि मग फ्रेम पडणे, हे तुमचे वर्णन या प्रकाराशी तंतोतंत जुळते, कारण थंड हीटसिंकला तापायला तेवढाच वेळ लागतो.

हे सदर लिहू लागण्याआधी बरीच वर्षे मी तालुक्याच्या गावी संगणक दुरुस्तीचे दुकान चालवले. एकदा जिनिंगच्या कार्यालयातला एक संगणक माझ्याकडे आला. तक्रार हीच होती: दुपारी मंद होतो, बंद पडतो. मी कार्ड काढून पंख्याचे झाकण सोडवले, तर हीटसिंकच्या पात्यांवर रुईचा आणि धुळीचा असा थर बसला होता की बोटाने धरून ओढल्यावर तो गादीतल्या कापसाच्या पापुद्र्यासारखा अखंड निघाला. पंखा पूर्ण जोमाने फिरत होता, पण हवा त्या थरावर आपटून परत येत होती. तुमचे घर जिनिंगजवळ नसेलही. तरी ज्या घरात कापूस वेचून आणून खोलीभर साठवला जातो, जिथे अंगणात तुरीची आणि सोयाबीनची धूळ उडते, तिथे सहा वर्षांत एकदाही न उघडलेल्या कॅबिनेटच्या आत काय असेल याची कल्पना मला करता येते. त्या जिनिंगच्या संगणकाला नवे कार्ड घ्यावे असा सल्ला मी उघडण्याआधीच देऊन बसलो होतो, हेही इथे कबूल करतो.

तेव्हा पहिले काम सफाईचे. सगळे प्लग काढा, कॅबिनेट बाहेर ओट्यावर न्या आणि ब्लोअरने धूळ काढा. मात्र ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा, कारण हवेच्या जोराने पंखा भलत्या वेगाने फिरला तर त्याची बेअरिंग खराब होते. एसएमपीएसची जाळी विसरू नका. कार्डाची चिप आणि हीटसिंक यांच्यामधली थर्मल पेस्ट सहा वर्षांत वाळलेली असणार. वॉरंटी संपलेली असल्यामुळे ती बदलण्यात तुमचे काही जात नाही, पण हे काम पहिल्यांदाच करत असाल तर जाणकाराकडून करून घ्या. कॅबिनेट भिंतीला चिकटवून किंवा टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवलेले असेल तर ते मोकळ्यात आणा. आणि कूलर. आपल्याकडे मे महिन्यात कूलरवाचून कोणी बसत नाही, पण संगणक कूलरच्या थेट तोंडासमोर ठेवू नका. त्या हवेबरोबर पाण्याचे बारीक तुषार येतात आणि वाळ्याचा कचराही येतो. संगणक बाजूला ठेवा, समोरची खिडकी उघडी राहू द्या, म्हणजे दमट हवा बाहेर जाईल.

दुसरी गोष्ट फुकटची आहे आणि तरीही फार कमी लोक करतात. तुमचा मॉनिटर ७५ हर्ट्झचा आहे, म्हणजे तो सेकंदाला ७५ चित्रेच दाखवू शकतो. व्हॅलोरंटसारख्या हलक्या गेममध्ये तुमचे कार्ड त्याच्या दुपटीहून अधिक फ्रेम तयार करत असेल, तर त्यांतील निम्म्याहून जास्त फ्रेम तुम्हाला पूर्ण दिसतच नाहीत. त्या केवळ खोली तापवतात आणि मीटर फिरवतात. गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेमची मर्यादा ७५ करा. स्पर्धेत खेळणारे लोक याला नाके मुरडतील, कारण जास्त फ्रेम असल्या की माउसचा प्रतिसाद किंचित लवकर मिळतो, आणि त्यांचे म्हणणे खरेही आहे. पण टिनाच्या खोलीत, मे महिन्यात, तो किंचित फायदा परवडणारा नाही. एमएसआय आफ्टरबर्नर या मोफत प्रोग्रॅममध्ये कार्डाची पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणली, तरी उष्णता कमी होते आणि फ्रेममध्ये फार थोडी घट होते.

आता मोजण्याकडे येतो. त्याच आफ्टरबर्नरमधून स्क्रीनच्या कोपऱ्यात काही आकडे दाखवता येतात: कार्डाचे तापमान, कार्डाचा वापर टक्क्यांत, कार्डाची भरलेली मेमरी आणि फ्रेम. अर्धा तास खेळा आणि ते आकडे केंद्रातल्या एखाद्या वहीत लिहून काढा. खेळ अडखळतो त्या वेळी कार्डाचा वापर ९५ टक्क्यांच्या वर असेल आणि तापमान मात्र सत्तरीतच असेल, तर कार्ड खरोखर कमी पडते आहे. वापर साठ-सत्तर टक्के असूनही फ्रेम पडत असतील, तर कार्ड दुसऱ्या कोणाची तरी वाट पाहत बसले आहे, आणि ते कार्ड बदलून सुटणारे दुखणे नाही. याची आणखी एक सोपी कसोटी आहे. फ्रेमची ७५ ची मर्यादा तेवढ्यापुरती काढा आणि रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा. कार्डावरचा भार निम्म्याहून कमी झाला, तरी फ्रेम वाढल्या नाहीत, तर दोष कार्डाचा नाही.

तो दुसरा कोण, याचे दोन संशयित तुमच्या पत्रातच आहेत. रॅमची एकच स्टिक असल्यामुळे प्रोसेसर आणि रॅम यांच्यातील दोन रस्त्यांपैकी एकच वापरात आहे, आणि तुमच्या पिढीचा रायझन याबाबतीत विशेष नाजूक असतो. ८ जीबीच्या दोन स्टिक असत्या तर तेवढ्याच रॅममध्ये खेळ अधिक सलग चालला असता. असेंबल करणाऱ्याने तुम्हाला एकच स्टिक दिली ती कदाचित "पुढे वाढवता येईल" या चांगल्या हेतूने. पण पुढे कोणी वाढवत नाही, हा माझा दुकानातला अनुभव आहे. २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांच्या मागणीमुळे रॅमचे भाव चढले, त्यामुळे नवीन घेण्याआधी जुनी १६ ची स्टिक देऊन ८ च्या दोन मिळतात का, हे विचारून पाहा. त्याही आधी बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग, सुरू आहे का ते बघा, कारण ३२०० च्या वेगाची रॅम अनेक संगणकांत वर्षानुवर्षे त्यापेक्षा बऱ्याच कमी वेगाने चालत असते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो.

दुसरा संशयित हार्ड डिस्क. मोठ्या मोकळ्या जगाचे गेम, ज्यांत गाडी पळवत शहर पार करायचे असते, ते पुढचा रस्ता सतत डिस्कवरून वाचत असतात. फिरती हार्ड डिस्क मागे पडली की चित्र थबकते, आणि आपण म्हणतो कार्ड गेले. तुमच्या यादीत सायबरपंक २०७७ आहे. त्या गेमच्या निर्मात्यांनी २०२३ मधल्या मोठ्या अपडेटच्या वेळी किमान गरजांमध्येच एसएसडी आणली. त्यामुळे तो गेम हार्ड डिस्कवर ठेवून कार्डाला दोष देणे हा कार्डावर अन्याय आहे.

तुम्ही "लॅग" हा शब्द पत्रात पाच वेळा वापरला आहे, आणि मला वाटते त्यात दोन वेगळी दुखणी मिसळली आहेत. सगळे चित्र थबकत असेल तर तो संगणकाचा प्रश्न. पण आपले पात्र व्यवस्थित फिरते आहे आणि समोरचा खेळाडू मात्र एका जागेवरून नाहीसा होऊन दुसऱ्या जागी उगवतो आहे, तर तो नेटवर्कचा प्रश्न आहे. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून रात्री आठ ते अकरा या वेळात, जेव्हा अख्खे गाव त्याच टॉवरवर व्हिडिओ पाहत असते, तेव्हा जगातले सर्वांत महाग कार्डही पिंग, म्हणजे गेमच्या सर्व्हरपर्यंत निरोप जाऊन परत येण्याचा वेळ, कमी करू शकत नाही. गावात फायबर आले असेल तर त्याची चौकशी करा. केंद्रालाही त्याचा उपयोग होईल.

एवढे सगळे करून, आकडे वहीत लिहूनही, कार्ड खरोखरच कमी पडते असे ठरू शकते. तसे ठरले तर त्यात आश्चर्य नाही. जीटीएक्स १६६० सुपर ऑक्टोबर २०१९ मध्ये बाजारात आले आणि त्याच्यात काही गोष्टी मुळातच नाहीत. रे ट्रेसिंगसाठी (प्रकाशकिरणांचा माग काढून चित्र रंगवण्यासाठी) लागणारे हार्डवेअर त्यात नाही, त्यामुळे २०२४ च्या डिसेंबरात आलेला इंडियाना जोन्सचा गेम किंवा २०२५ मधला डूम द डार्क एजेस, ज्यांत ते अनिवार्य आहे, हे या कार्डासाठी बनलेलेच नाहीत. डीएलएसएस, म्हणजे कमी रिझोल्यूशनचे चित्र मोठे करून फ्रेम वाढवण्याची एन्व्हिडियाची सोय, तीही आरटीएक्स मालिकेपासून पुढेच मिळते. तशाच कामाचे एएमडीचे एफएसआर मात्र तुमच्या कार्डावर चालते. ज्या गेममध्ये ते असेल तिथे 'क्वालिटी' या पातळीवर वापरून पाहा. फुल एचडीवर चित्र जरा मऊ दिसेल, पण बऱ्याच गेममध्ये तेवढ्याने भागते. ६ जीबी मेमरी भरून खेळ अडत असेल, तर आधी टेक्स्चरची (पृष्ठभागांवरच्या चित्रांच्या बारकाव्याची) सेटिंग एक पायरी खाली आणा. मित्राने सांगितलेली "या कार्डाचे ड्रायव्हर बंद झाले" ही बातमी चुकीची आहे. २०२५ च्या ऑक्टोबरात एन्व्हिडियाने नियमित गेम ड्रायव्हर थांबवले ते १० मालिकेच्या आणि त्याआधीच्या कार्डांचे. तुमचे १६ मालिकेतले कार्ड त्यात येत नाही.

आणि जीटीए सहा. तुमच्या वयाच्या मुलांच्या निम्म्या पत्रांत हेच कारण असते. त्या गेमची पहिली घोषणा झाली ती प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीजसाठी. याच मालिकेतला पाचवा गेम कन्सोलवर सप्टेंबर २०१३ मध्ये आला आणि पीसीवर यायला एप्रिल २०१५ उजाडला. रेड डेड रिडेम्प्शन २ ला पीसीवर यायला वर्षभर लागले. जो गेम पीसीवर कधी येणार हे ठरलेले नाही आणि ज्याला काय लागणार हेही कोणाला माहीत नाही, त्याच्यासाठी आज कार्ड घेणे म्हणजे पाऊस पडण्याआधी धूळपेरणी करण्यासारखे आहे. पाऊस वेळेवर आला तर साधते, पण बियाणे वाया गेलेले आपण दोघांनीही पाहिले आहे.

समजा, तरीही घ्यायचे ठरले. मग कार्डाच्या किमतीत कार्डाभोवतीचा खर्चही धरा, जो दुकानदार सांगत नाही. ५०६० टीआय १८० वॅट खाते, तुमचे आताचे कार्ड १२५. एन्व्हिडिया त्यासाठी ६०० वॅटचा एसएमपीएस सुचवते, आणि तुमचा ४५० वॅटचा आहे, तोही सहा उन्हाळे पाहिलेला. त्याची कंपनीही तुम्हाला आठवत नाही, यावरून तो कसा असेल याचा अंदाज येतो. संगणक एकदम बंद होतो त्यामागे उष्णतेइतकाच तोही असू शकतो. पुढे यूपीएस. तुमच्याकडे ६०० व्हीएचा आहे असे मी गृहीत धरतो, कारण गावातील बहुतेक केंद्रांत तोच असतो. तो साधारण ३६० वॅटपर्यंतचा भार पेलतो. नव्या कार्डासह पूर्ण जोरात चाललेला संगणक आणि मॉनिटर मिळून त्याच्या काठावर येतील, आणि लाइन गेली की यूपीएस टाहो फोडून तिथेच मान टाकेल. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्या पाठीमागे यूपीएस मोडचे बटण असते. ते चुकीच्या बाजूला असेल तर लाइन जाताच संगणक पुन्हा सुरू होतो, आणि हेही अनेकांना ठाऊक नसते.

आणखी एक बारकावा तुमच्या मदरबोर्डापुरता आहे. ५०६० आणि ५०६० टीआय ही दोन्ही कार्डे मदरबोर्डाशी आठच लेनने बोलतात, आणि तुमचा बी४५० तिसऱ्या पिढीचा पीसीआय एक्सप्रेस हा जोडमार्ग वापरतो, म्हणजे तो रस्ता आधीच अरुंद आहे. कार्डाची स्वतःची मेमरी पुरते आहे तोवर हे जाणवत नाही; ती भरली की कार्डाला रॅमकडे धावावे लागते आणि मग हा अरुंद रस्ता नडतो. म्हणून नव्या जड गेमसाठीच घेणार असाल तर तुमच्या बोर्डावर ८ जीबीपेक्षा १६ जीबीला अर्थ आहे. पण तेवढ्या ताकदीच्या कार्डामागे रायझन ३६०० काही गेममध्ये मागे पडेल, आणि मग तुम्ही प्रोसेसरची चौकशी करू लागाल. ती गरजही याच बोर्डावर रायझन ५ ५६०० बसवून भागते. फक्त त्यासाठी बायोस अपडेट करावे लागेल, आणि ते चालू असताना लाइन गेली तर मदरबोर्डच निकामी होऊ शकतो. हे सगळे जोडले तर ४८ हजारांचा आकडा ६० च्या पुढे सहज जातो.

माझे मत विचाराल, तर फुल एचडी ७५ हर्ट्झच्या मॉनिटरसाठी ५०६० टीआय ही तुमची गरज नाही. बदलायचेच असेल तर मी सर्वांत आधी सेकंडहँड आरटीएक्स ४०६० चा शोध घेईन. ते ११५ वॅटवर चालते, म्हणजे तुमच्या आताच्या कार्डापेक्षाही कमी वीज खाते आणि कमी तापते, आणि टिनाच्या खोलीत हा गुण मला सर्वांत मोलाचा वाटतो. एन्व्हिडिया त्यालाही ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवते, त्यामुळे नवा चांगला एसएमपीएस घेणे आले, पण तो तर तुम्ही कार्ड न बदलताही घ्यावा. एएमडीचे आरएक्स ६६०० हे १३२ वॅटचे आणखी एक भले कार्ड आहे. ते स्वस्त पडते, मात्र रे ट्रेसिंगमध्ये दुबळे आहे. दोन्हींत मेमरी ८ जीबीच, म्हणजे टेक्स्चर थोडे जपून ठेवावे लागतील. वापरलेले कार्ड घेताना समोर बसून अर्धा तास जड गेम चालवून पाहा, तापमान आणि पंख्याचा आवाज लक्षात घ्या, बिलावरचा सीरियल नंबर कार्डावरच्या नंबराशी जुळवा. इथेरियम या आभासी चलनाचे मायनिंग (संगणक राबवून नाणी मिळवणे) सप्टेंबर २०२२ मध्ये कार्डांवरून सुटले, तोवर हजारो कार्डे रात्रंदिवस त्या कामाला जुंपलेली होती, म्हणून ३०६० किंवा त्याआधीची कार्डे घेताना जास्त सावध राहा. ४०६० त्यानंतर, २०२३ मध्ये आले. कुरिअरने येणाऱ्या कार्डासाठी आगाऊ पैसे पाठवू नका. त्यापेक्षा एक दिवस केंद्र बंद ठेवून नागपूरला बर्डीच्या बाजारात जाऊन या.

हप्त्यांविषयी थोडेच सांगतो. "नो कॉस्ट" म्हटलेल्या हप्त्यात बँक व्याज लावतेच. विक्रेता तेवढी सूट दाखवतो, आणि व्याजावरचा जीएसटी व प्रोसेसिंग फी तुमच्या माथी येते. रक्कम लहान असते, पण जून-जुलैत घरात बी-बियाण्याचा आणि खताचा खर्च असताना दर महिन्याचा हप्ता तुम्हाला खेळण्यापेक्षा जास्त आठवेल.

वडिलांविषयी मात्र जरा सविस्तर लिहायला हवे. त्यांचा प्रश्न तुम्ही चेष्टेच्या सुरात उद्धृत केला आहे, पण या सगळ्या प्रकरणात नेमका प्रश्न विचारणारे ते एकटेच आहेत. चालू असेल तर का बदलायचे. आणि अडत असेल तर कुठे अडते ते दाखव, एवढेच ते म्हणत आहेत. शेतातली मोटर बंद पडली तर ते नवी मोटर आणायला निघत नाहीत. आधी फ्यूज पाहतात, मग केबल, मग डीपीवर जाऊन फेज येतो का ते बघतात. त्यांच्या हिशेबात ४८ हजार म्हणजे २०२५-२६ च्या ५३२८ रुपये हमीभावाने नऊ क्विंटल सोयाबीन, तेही हमीभाव हाती पडला तर. हा हिशेब तुम्हाला कंजुषीचा वाटत असला, तरी घरात प्रत्येक मोठ्या वस्तूला तोच लावला गेला असणार.

म्हणून एडिटिंगचे कारण सांगू नका. ते खरे नाही हे तुम्हाला माहीत आहे, आणि तांत्रिकदृष्ट्याही ते टिकत नाही, कारण व्हिडिओ एन्कोड करण्याची चांगली सोय तुमच्या आताच्या कार्डातही आहे. लग्नाचे व्हिडिओ कापायला सुरुवात करण्यासाठी नवे कार्ड लागत नाही. पुढे एडिटिंगचे पैसे आले नाहीत, की तो प्रश्न दरवेळी जेवताना निघेल. त्याऐवजी सरळ सांगा, की दिवसभर लोकांचे दाखले आणि सातबारे काढून झाल्यावर रात्री दोन तास खेळणे ही तुमची करमणूक आहे, आणि तिच्यावर तुमच्या कमाईतून इतके रुपये खर्च करायचे तुम्ही ठरवले आहे. स्वतः कमावलेल्या पैशातून छंदावर खर्च करण्यात लाजण्यासारखे काही नाही. मात्र तो आकडा तुमचा तुम्ही ठरवा, पुण्याच्या मित्रांनी ठरवलेला नको. त्यांच्या खोल्यांत लाइन जात नाही, आणि त्यांच्या संगणकावर सकाळी दहा वाजता उत्पन्नाच्या दाखल्यासाठी कोणी रांगेत उभे नसते.

तुमच्या बाबतीत ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे: हा संगणक खेळाचा आहे तसाच पोटाचाही आहे. जूनमध्ये प्रवेशाच्या दाखल्यांची गर्दी होईल, जुलैत पीक विम्याची. त्या काळात एसएमपीएस उघडून बसायची वेळ येऊ नये म्हणून सफाई, पेस्ट, एसएमपीएस आणि एसएसडी ही कामे याच महिन्यात उरका. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. तुमचा प्रोसेसर विंडोज ११ ला चालतो, तेव्हा लोकांची आधार कार्डे ज्या यंत्रावर येतात त्यावर जुने विंडोज ठेवू नका, आणि जमले तर गेमसाठी वेगळी एसएसडी ठेवा. कार्डाचा निर्णय दिवाळीनंतरवर टाका. तोवर वहीत मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबर अशा तीन वेळचे आकडे जमा होतील, आणि ती वही तुम्ही वडिलांसमोरही ठेवू शकाल.

झिणझिण्यांचे उत्तर शेवटी लिहितो आहे, पण ते काम सर्वांत आधी करायचे आहे. एसएमपीएसच्या आत गोंगाट गाळणारी छोटी कपॅसिटर असतात, त्यांचे एक टोक कॅबिनेटला जोडलेले असते. अर्थिंग नीट असेल तर त्यातून येणारा किंचित प्रवाह जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर कॅबिनेटवर पुरवठ्याच्या जवळपास निम्मे व्होल्टेज तरंगत राहते आणि हाताला झिणझिण्या येतात. तसा तो प्रवाह फार लहान असतो, पण अर्थिंगच नसलेल्या घरात उद्या खरोखर एखादी वायर उघडी पडली तर काय होईल याचा विचार करा. त्यातून तुमच्या केंद्रात दिवसभर म्हातारी माणसे टेबलाला टेकून उभी असतात. प्लग तीन पिनांचा आहे का, बोर्डातल्या तिसऱ्या छिद्रामागे वायर खरोखर जोडलेली आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्या. वायर असेल तर मीटरजवळचा अर्थिंगचा खड्डा पाहा. आपली काळी जमीन मे महिन्यात हातभर भेगाळते, आणि कोरड्या मातीत अर्थिंग नावापुरतेच उरते. त्या खड्ड्यात आज संध्याकाळीच दोन बादल्या पाणी ओता.